गेटपर्यंत गाडी

इंदिरानगर, नाशिक
२९ नोव्हेंबर २०२४

ती. नाना यांस,
तेजूचा सा. न. वि. वि.

तुम्ही रोज पोस्टमनला दारात थांबवून मुलीचं पत्र आलं का विचारता, असं आईने सांगितलं. फोनवर तुम्हाला माझं अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनाने भरता, म्हणून हे लिहायला बसले. मागच्या खेपेला मी सृष्टीला खोकला झालाय म्हटलं, तर तुम्ही आईला जाऊन सांगितलंत की सृष्टीचा झोका तुटलाय! पस्तीस वर्षं डिझेल इंजिनात बसलेल्या माणसाचे कान याहून वेगळे कसे असणार?

तर तो खोकला. दिवाळीपासून हटत नाही. डॉक्टर म्हणाले, दम्याची सुरुवात आहे, पंप जवळ ठेवा, धुरापासून जपा. म्हणून मी तिला आता एक पाऊलही चालू देत नाही. घरून गाडीत, काचा बंद, थेट शाळेच्या गेटपर्यंत. जुलैपासून गाडी अगदी गेटाशी नेता येते हे फार सोयीचं झालं. सुटायच्या अर्धा तास आधीच जाऊन जागा धरते आणि एसी लावून बसते, म्हणजे पोर बाहेर आली की गार, स्वच्छ गाडीत.

रविराज चिडवतो. म्हणतो, दीड किलोमीटरला पस्तीस मिनिटं लागतात, एवढ्यात माणूस रांगत पोचेल. स्वतः मात्र अंबडला कंपनीत दुसऱ्या गाडीने एकटाच जातो, हे मी त्याला लगेच ऐकवलं.

तुम्ही हट्टाने ही गाडी घ्यायला लावलीत त्याचं आज खरंच चीज झालं. आईच्या गुडघ्यांना जपा. तुमचा लोभ आहेच, तो पत्रातूनही येऊ द्या.

तुमची,
तेजू

---

मनमाड
४ डिसेंबर २०२४

चि. सौ. तेजस्विनी हीस,
अ. उ. आ.

पत्र पोचले. तुझ्या आईने एकदा आणि मी दोनदा वाचले. झोक्याची गोष्ट तू अजून सोडत नाहीस!

गाडीचे बरे केलेस. आम्ही आयुष्यभर शेडपर्यंत सायकल मारली, इंजिनाचा धूर खाल्ला. माझ्या नातीने तो खाऊ नये एवढीच माझी इच्छा होती. काचा अजिबात उघडू नकोस. इंजिन चालू असले की आतली हवा थंड आणि शुद्ध राहते. माणसाने इंजिनावर भरवसा ठेवावा, ते माणसासारखे दगा देत नाही.

जुलैत तू माझ्याकडून लिहून नेलेला अर्ज मंजूर झाला, त्याचा उपयोग होतो आहे, हे वाचून बरे वाटले. रेल्वेत असताना अर्ज लिहिण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. माझ्या अर्जावर साहेबालासुद्धा नाही म्हणता येत नसे.

आई खोकल्यासाठी अडुळशाचा काढा पाठवते आहे. नातीला माझा पापा. जावयांना आशीर्वाद. असाच जीव लावत राहा.

तुझा,
नाना

---

नाशिक
१९ डिसेंबर २०२४

ती. नाना,
सा. न.

आधी हे वाचा : सृष्टी आता ठीक आहे. काल घरी आणली. खाली जे लिहिते आहे ते वाचताना ही ओळ विसरू नका. आईला तुम्हीच वाचून दाखवा, पण ती बसलेली असताना.

मंगळवारी शाळा सुटली. सृष्टी गाडीत बसली तेव्हा नुसती खोकत होती. आमच्या पुढे गाड्या, मागे गाड्या, मध्ये एक स्कूलबस आडवी अडकलेली. दहा मिनिटांत गाडी दोन हात सरकली असेल. आणि तिचा श्वास लागला. छाती वरखाली व्हायला लागली, गळ्याशी खड्डा पडायला लागला. पंप दिला. दोनदा दिला. काही उपयोग नाही. मी हॉर्न दाबून धरला. तर नाना, सगळ्यांनीच हॉर्न दाबले. त्यांना वाटलं, मलाही त्यांच्यासारखीच घाई झालीय.

दवाखाना तिथून सहाशे मीटर असेल. मी ॲम्ब्युलन्सला फोन केला. ती आली. तिचा आवाज मला ऐकू येत होता. कोपऱ्यापर्यंत आली आणि तिथेच उभी राहिली, कारण मध्ये आम्ही होतो. आम्ही सगळे, आपापल्या एकेका पोराला घ्यायला आलेले. मी काच खाली करून पुढच्या माणसाला ओरडून सांगितलं की माझी मुलगी मरते आहे. त्याने हात वर केले आणि पुढच्या गाडीकडे बोट दाखवलं. त्याचंही खरंच होतं. त्याला जायला तरी कुठे जागा होती?

सृष्टीचे ओठ जांभळे पडले. मी तिच्याकडे बघत होते आणि स्टिअरिंग धरून बसले होते. का बसले होते ते मला आजही सांगता येत नाही. गाडी सोडायची असते हे मला सुचलंच नाही.

दार उघडलं ते अक्काबाईने. शाळेत झाडलोट करते ती, सुरगाण्याकडची आहे. म्हणाली, बाई, गाडी ऱ्हाऊ दे, पोर दे माझ्याजवळ. मी दिली की तिने ओढून घेतली ते आठवत नाही. सृष्टीला खांद्यावर टाकून ती गाड्यांच्या फटींतून धावली. मी मागे. एका चपलेचा अंगठा तुटला तेव्हा दोन्ही चपला तिथेच टाकल्या. पाच मिनिटांत आम्ही दवाखान्यात होतो. ऑक्सिजन लावला, वाफ दिली, सुई दिली. डॉक्टर नंतर म्हणाले, आणखी दहा मिनिटं गेली असती तर मला काही सांगता आलं नसतं.

माझी गाडी इंजिन चालू ठेवून भर रस्त्यात उभी होती. तिच्यामुळे मागच्यांना आणखी अर्धा तास हलता आलं नाही. रविराज ती आणायला गेला तेव्हा मागच्या गाडीतली एक बाई, कडेवर तान्हं घेऊन, त्याला वाटेल ते बोलली.

आणि एक गोष्ट माझ्या डोक्यात उतरतच नाहीये. डॉक्टरांनी विचारलं, त्रास सुरू झाला तेव्हा मुलगी कुठे होती? मी म्हटलं, गाडीत, काचा बंद करून. ते म्हणाले, रांगेत उभी असलेली गाडी पुढच्या गाडीचा धूर झडपेतून आत ओढते, तो आतच साठतो. फुटपाथवरच्या मुलापेक्षा आतलं मूल जास्त धूर घेत असेल. नाना, मी पाच महिने तिला रोज तिथे अर्धा अर्धा तास बसवत होते.

आता लिहवत नाही.

तेजू

---

मनमाड
२३ डिसेंबर २०२४

चि. तेजू,

तुझे पत्र पोचले. आई गहू निवडत होती. मी वाचत गेलो आणि तिने सूप तसेच खाली ठेवले. दोन दिवस ती देवापुढून उठलेली नाही.

त्या अक्काबाईला तुझ्या आईकडून लुगडे पाठवतो आहे. ती नऊवारी नेसते की साडी, ते कळव. तिचे पाय धरायला मी स्वतः येईन.

परंतु डॉक्टरांचे म्हणणे मला पटले नाही. मी इंजिनाजवळ जन्म काढला आहे. धूर नळीतून मागे जातो. बंद काचेच्या आत तो कसा येणार? दुसऱ्या डॉक्टरांना दाखव. गाडी जुनी झाली असेल तर बदलून मोठी घे. पोरीला पायी मात्र नेऊ नकोस, मी निक्षून सांगतो.

अक्षर वाकडे आले आहे. पोरीची खुशाली एका ओळीची का होईना, लगेच टाक.

नाना

---

नाशिक
८ जानेवारी २०२५

ती. नाना यांस,
सा. न. वि. वि.

सृष्टी बरी आहे, शाळेत जायला लागली. पायी. रागावण्याआधी पूर्ण वाचा.

तुमच्यासारखंच मलाही पटलं नव्हतं. डॉक्टर वादात पडले नाहीत. हवेतला धूर मोजायचं तळहाताएवढं यंत्र त्यांनी आठवडाभरासाठी माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, तुम्हीच मोजा. मी मोजलं. शाळेकडे जाणाऱ्या आमच्या जॉगिंग ट्रॅकवरून चालताना आकडा पन्नासच्या आसपास. शाळा सुटताना गेटच्या फुटपाथवर एकशे सत्तर. मग रांगेत गाडी लावली, काचा बंद केल्या, एसी लावला, यंत्र सृष्टीच्या सीटवर ठेवलं. दोनशे साठ. मला वाटलं यंत्र बिघडलं. दुसऱ्या दिवशी परत गेले. दोनशे पंचाहत्तर.

रविराजने बाहेरची हवा बंद करायचं बटण दाखवलं. चार वर्षांत मी ते कधी दाबलं नव्हतं. ते दाबल्यावर आकडा बराच खाली आला. मिनिटभर मला हायसं वाटलं. मग आरशात बघितलं, तर मागच्या गाडीच्या काचेवर एक तान्हं मूल हात आपटत होतं. माझ्या गाडीचा धूर कुठे जात होता ते तेव्हा कळलं. नाना, मी इंजिन बंद केलं.

त्याच दिवशी मी गाड्या मोजल्या. एकशे त्रेसष्ट. त्यातल्या एकशे अठरा गाड्यांत एकेकच मूल. ओळखीच्या जेवढ्यांना विचारलं, त्यातले बहुतेक दोन किलोमीटरच्या आत राहणारे.

आता जे तुम्हाला सांगितलं नाही ते सांगते. गेल्या जूनपर्यंत शाळेपुढचा रस्ता सकाळी आणि दुपारी पाऊण पाऊण तास गाड्यांना बंद असायचा. अलीकडच्या कोपऱ्यावर साखळी लावायचे. गाड्या मैदानाजवळ थांबायच्या आणि मुलं शेवटचे दोनशे मीटर चालायची. पावसात सृष्टीचे बूट भिजायचे म्हणून मी वैतागले. तुमच्याकडून अर्ज लिहून घेतला तो ती साखळी काढायचा होता. तुम्हाला फक्त गेटसमोर अडथळा आहे एवढंच म्हणाले. दोनशे बारा पालकांच्या सह्या मी दारोदार फिरून घेतल्या. ती साखळी लावायचं काम अक्काबाईचं होतं. एकदा तिने माझ्या गाडीपुढची साखळी सोडली नाही, तेव्हा मी सगळ्यांसमोर तिला म्हटलं होतं की झाडायचं काम झाड, रस्त्याची मालकीण होऊ नकोस.

तीच माझी पोर घेऊन धावली. साखळी असती तर त्या दिवशी ॲम्ब्युलन्स थेट गेटापर्यंत आली असती. साखळी मी काढली.

तिच्या घरी गेले होते. लुगडं पोचवलं, तिला फार आवडलं. माफी मागायला तोंड उघडलं तर रडूच आलं. तिने माझ्यापुढे नागलीची भाकरी ठेवली आणि सृष्टी जेवते का नीट, एवढंच विचारलं. जुलैचं काहीच बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

आता शाळेत पालकांची सभा मागितली आहे. किशोर म्हणून पालक समितीचे अध्यक्ष आहेत, ते हसले. म्हणाले, ताई, जुलैत तुम्हीच रस्ता उघडायला लावलात, आता तुम्हीच बंद करायला सांगता, लोक काय म्हणतील? एक बाई तर म्हणाली, तुमच्या मुलीला आजार आहे म्हणून आमच्या मुलांनी उन्हात का चालायचं? जुलैत मीही सगळ्यांना असंच सांगत होते, आमच्या मुलांनी पावसात का चालायचं?

मला नवा अर्ज हवा आहे. पण तुम्ही रागावला असाल तर मी स्वतः लिहीन. तुमच्या मायेला मी अजून पात्र आहे का, ते तुम्हीच कळवा.

तेजू

---

मनमाड
१३ जानेवारी २०२५

चि. सौ. तेजस्विनी हीस,
अ. उ. आ.

पत्र पूर्ण वाचले. तू खोटे बोलली नाहीस, पण खरेही सांगितले नाहीस. लहानपणी याच गोष्टीसाठी मी तुला एकदा मारले होते. आज मारायला तू जवळ नाहीस, आणि माझा हात उचलला जाणारही नाही, कारण गुन्ह्यात मी भागीदार आहे. कसला अडथळा, हे मी विचारायला हवे होते. पस्तीस वर्षे रेल्वेत राहिलेल्या माणसाला माहीत असते, की वाटेत काही आडवे लावलेले असेल तर ते कोणाच्या तरी जिवासाठी असते. मला मात्र माझ्या अर्जाच्या भाषेचे कौतुक. जुलैच्या अर्जाची प्रत माझ्याकडे आहे. काढून वाचली. 'लहानग्यांच्या आरोग्याचा विचार करता' असे मी त्यात लिहिले आहे. वाचून माझी मलाच लाज वाटली.

त्या बाईपुढे तू तोंड उघडलेस आणि ते अर्धेच राहिले. ते पुरे करावे लागेल. मलाही करावे लागेल.

नवा अर्ज लिहिला आहे. पोस्टाने पाठवत नाही, घेऊन येतो. शुक्रवारी चोवीसला सकाळच्या पंचवटीने नाशिक रोडला उतरेन. गाडी घेऊन न्यायला येऊ नकोस. सिटी बसने येईन. आईचे गुडघे दुखतात म्हणून ती मागे राहते आहे, तिळगूळ माझ्यासोबत देते आहे.

पात्र आहे का, असे बापाला पुन्हा विचारू नकोस. सृष्टीला जप, स्वतःलाही जप.

तुझा,
नाना

---

नाशिक
६ फेब्रुवारी २०२५

सौ. चंद्रभागा हीस,

त्रेचाळीस वर्षांच्या संसारात तुला पत्र लिहायची वेळ आली नव्हती, त्यामुळे मायना काय लिहावा ते सुचेना. तेजूला विचारले तर ती हसून पळाली. तेव्हा नुसते तुझे नाव लिहून सुरुवात केली आहे, खाली माझेही नुसते नावच घालतो, गोड मानून घे. फोनवर तू बोलतेस ते मला कळत नाही आणि मी ओरडतो ते शेजाऱ्यांना कळते, म्हणून इथली हकीकत लिहितो.

आल्या दिवशी मी डॉक्टरांकडून परत मागून आणलेले ते यंत्र हातात घेऊन तेजूच्या गाडीत बसलो. पूर्वीसारखीच बाहेरच्या हवेची झडप उघडी ठेवायला लावली. रांगेत उभे राहताच आकडा चढू लागला. मी पस्तीस वर्षे इंजिन चालवले, चंद्रभागा. धूर मागे जातो, एवढेच मला माहीत होते. मागे कोण बसलेले असते, याचा विचार मी कधी केलाच नव्हता. दोनशे साठ झाल्यावर मी दार उघडून उतरलो. मला आत बसवेना.

शनिवारी सभा झाली. हॉल भरलेला. किशोररावांनी तेजूला पाच मिनिटे दिली. मला वाटले ती माझा अर्ज वाचेल. तिने अर्ज टेबलावर ठेवून दिला आणि उभी राहून आपली कहाणी सांगितली. मला ऐकू येत नव्हते, पण लोकांचे चेहरे दिसत होते. आधी कंटाळलेले होते, मग कोणी मोबाइल खाली ठेवला, मग सगळेच तिच्याकडे बघू लागले. जावई शेजारी कागदावर लिहून मला दाखवत होते. तिने सगळ्यांदेखत सांगितले म्हणे, की साखळी मी काढायला लावली, अक्काबाईला मी बोलले, आणि माझ्या मुलीचा जीव तिने वाचवला. अक्काबाई दाराशी उभी होती. तिने पदर तोंडाला लावला.

तरी लोक तयार होईनात. एक गृहस्थ म्हणाले, वाईट झाले, पण आम्हाला कामावर जायचे असते. दुसरे म्हणाले, मैदानाजवळ गाड्या लावल्या तर तिथे कोंडी होईल. किशोरराव विषय मिटवायला उठलेच होते, तेवढ्यात मागून एक तरुण बाई उभी राहिली. तृप्ती तिचे नाव. कडेवर वर्षभराचे मूल. जावयांनी लिहून दाखवले की त्या दिवशी आपल्याला शिव्या देणारी ती हीच. ती म्हणाली, मी त्या बाईच्या बरोबर मागे होते. ती मुलगी गुदमरते आहे हे मला माहीत नव्हते, मी हॉर्न वाजवत होते. अर्धा तास माझे बाळ त्याच धुरात होते, आणि तेही मला माहीत नव्हते. जुलैच्या अर्जावर माझी सही आहे. ती मी परत घेते.

एवढे बोलून ती टेबलापाशी गेली आणि तेजूच्या अर्जावर तिने सही केली. तिच्यामागून एकेक जण उठले. सगळे नाही. एकशे सहा सह्या झाल्या. काही तर उठून निघूनच गेले. शेवटी मुख्याध्यापिकाबाईंनी महिनाभर साखळी पुन्हा लावून पाहू, असे ठरवले.

सोमवारपासून साखळी लागली. पहिले दोन दिवस फार गोंधळ झाला. लोक कोपऱ्यावर गाड्या थांबवून हॉर्न वाजवत होते म्हणे, मी तिथेच उभा होतो, मला काय त्याचे! एकाने उतरून साखळी उचलायचा प्रयत्न केला, तेव्हा तृप्ती बाळाला घेऊन मध्ये उभी राहिली. चौथ्या दिवसापासून बरे झाले. आता बऱ्याच गाड्या मैदानाजवळ थांबतात आणि काही येतच नाहीत. आपल्या तेजूच्या भागातली सव्वीस मुले ट्रॅकवरून रांगेने चालत जातात, पुढे एक आई, मागे एक. जावई कंपनीच्या बसने जाऊ लागले आहेत, कुरकुरत, पण जातात. गेटावर काल आकडा ऐंशी होता. डॉक्टर म्हणाले, मुलीचा दमा यामुळे पळून जाणार नाही, औषध चालूच राहील, पण दहा दिवसांत पंपाची गरज लागली नाही ही मोठी गोष्ट. किशोरराव अजून आमच्याशी बोलत नाहीत.

आणखी एक सांगायचे राहिले, ते तुलाच सांगतो. साखळी लावायच्या पहिल्या दुपारी मी अक्काबाईसमोर हात जोडून उभा राहिलो. म्हटले, बाई, तुझी साखळी ज्या अर्जाने गेली तो मी लिहिला होता. मी म्हातारा माणूस, मला क्षमा कर. ती काहीतरी बोलली, मला ऐकू आले नाही. तेजूने कानाशी तोंड आणून ओरडून सांगितले. ती म्हणाली होती, बाबा, शाळा सुटाय झाली, साखळी लय जड आहे, ते टोक धरा.

मी धरले. रोज धरतो.

महिना पुरा होईपर्यंत माझे इथेच राहणे होईल. तुझी औषधे फळीवर डावीकडे आहेत. तुझ्या आठवणीत आणि लोभात जागा राखून ठेव.

तुझा,
नाथा